तीन वर्षांनी लहान

रखमाजी माझा थोरला चुलता. तोंडावर मी त्याला हयातभर आबा म्हटलं, अहो-जाहो केलं, त्याच्या घोंगडीवर कधी पाय दिला नाही. आता तो वारला आहे, तेव्हा इथं मी त्याला एकेरीतच लिहिणार आहे.

कामथडीच्या अलीकडे ओढ्याला लागून आमची तीस उंबऱ्यांची वाडी. त्या वाडीत रखमाजी शिकलेला माणूस म्हणून गणला जाई. शिकला होता मराठी तिसरी, तीही दोनदा. मग चार वर्षं पुण्यात कुठल्याशा कचेरीत पट्टेवाला होता. या टेबलावरचे कागद त्या टेबलावर नेता नेता त्याची अशी समजूत झाली की कागदात काय असतं ते आपल्याला कळतं. कचेरीनं त्याला का काढलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. येताना एक काळा कोट घेऊन आला, आणि तो कोट चैत्रातल्या उन्हातही त्याच्या अंगावरून उतरत नसे. सोयरीक असो, बांधाचं भांडण असो, कोट आधी जाऊन मधोमध बसायचा.

कचेरीत त्याला एकच गोष्ट खरी कळली होती. सरकारी नोकर पंचावन्नाव्या वर्षी घरी बसतो. त्यावरून त्यानं अक्कल लढवली की कागदावर वय जितकं कमी, तितकी नोकरी लांब. मग वाडीतल्या ज्या पोराचं नाव शाळेत घालायचं त्याच्याबरोबर हा कोट घालून निघायचा आणि मास्तरांना पोराचं वय तीन वर्षांनी कमी सांगायचा. जन्मतारखा कुणालाच ठाऊक नसत. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून मास्तर सरसकट एक जून लिहीत. अशी आमच्या वाडीत एक जूनला जन्मलेली बारा पोरं होती. त्यांतल्या अकरा जणांनी पुढं गुरं राखली. त्यांच्या नोकरीची मुदत मात्र रखमाजीनं आधीच वाढवून ठेवली होती.

बारावा मी. एकोणीसशे पंचवीसच्या जूनमध्ये मला शाळेत नेलं तेव्हा मला आठ वर्षं पुरी झाली होती, पण अंगानं काडी होतो. रखमाजी म्हणाला, “लिवा मास्तर, भिमा सोनबा, पाच पुरी.” मास्तरांनी एक जून एकोणीसशे वीस अशी तारीख लिहिली. आई, धोंडाबाई, शाळेच्या दाराबाहेर उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. वडील विचारायला नव्हते. ते मानमोडीच्या साथीत गेले, तेव्हापासून घरात रखमाजीचाच शब्द चालत असे.

मी शिकत गेलो. मराठी चौथीनंतर भोरच्या इंग्रजी शाळेत गेलो, तिथं दोघातिघांत एक खोली घेऊन राहिलो. दर रविवारी सहा कोस चालून घरी यायचं आणि भाकऱ्या बांधून परत जायचं. इकडे रखमाजी पारावर बसून मॅट्रिकला काय काय लागतं ते लोकांना समजावून सांगे. त्याच्या मते अक्षर वळणदार लागतं, डोक्यावर टोपी लागते, आणि परीक्षेला गोरा साहेब स्वतः येऊन उलटसुलट विचारतो, त्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो. लोक माना डोलवत. मीही एकदोनदा तिथं होतो. खरं काय ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

खरं काय ते आमच्या हेडमास्तरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. इंग्रजी, गणित, शास्त्र, इतिहास-भूगोल, मराठी, संस्कृत. एका विषयात गचकलात तरी सगळे विषय पुन्हा. त्याआधी शाळेची चाचणी पास हवी, हजेरी पुरी हवी, वर्तणुकीचा दाखला हवा. आणि परीक्षेच्या दिवशी वयाला सोळा वर्षं पुरी हवीत. ही शेवटची अट वाचून वर्गात हशा पिकला, कारण निम्म्या जणांना मिसरूड फुटलं होतं.

पस्तीस सालच्या दिवाळीनंतर फॉर्म भरायला घेतले. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, “मार्चात तुला पंधरा वर्षं नऊ महिने होतात. फॉर्म जाणार नाही.”

मला एकोणिसावं चालू होतं.

उपाय त्यांनीच सांगितला. गावच्या दप्तरातला जन्माचा उतारा आणायचा, नाहीतर ज्यानं नाव घातलं त्यानं तारीख चुकीची सांगितली असा जबाब लिहून द्यायचा. दप्तरातलं ते साल वाळवीनं खाल्लं होतं. राहिला रखमाजी.

त्यानं ऐकून घेतलं आणि पान लावायला घेतलं. म्हणाला, “म्या खोटं सांगितलं आसं म्याच लिवून देऊ? सरकारात? खुळा हाय का तू?”

“आबा, न्हाईतर वर्स जातंय.”

“जाऊ दे की. पर फुडल्या साली म्या धाडणार न्हाई. औंदा झालं तर झालं, न्हाईतर औत हाय.”

वयाची कुऱ्हाड त्यानंच घातलेली, आणि थांबायची वाटही त्यानंच बंद केली. अकरा वर्षं आईनं लोकांच्या भातलावणीला जाऊन मला शिकवलं होतं, आणि ते सगळं या माणसाच्या एका सहीवर अडलं होतं. लिहिता तर त्याला तेवढी सहीच येत होती.

आई म्हणाली, “चला, म्या येते भोरला.” रखमाजीही निघाला. बाईमाणूस एकटं कचेरीत गेलं तर लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. कोट अर्थातच बरोबर होता.

हेडमास्तरांनी आईला बसायला सांगितलं, पण दीर समोर असताना ती बसली नाही. पदर पुढं ओढून भिंतीशी उभी राहिली. त्यांनी विचारलं, “बाई, याचे वडील कधी गेले?”

“मानमोडीत.”

“हा केवढा होता तेव्हा?”

“दीड वर्साचा. त्यास्नी उचललं तवा ह्यो उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा खात हुता.”

हेडमास्तरांनी माझ्या दाखल्याकडे पाहिलं. मग दाखला पालथा ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसले. आईला ते खटकलं. ती म्हणाली, “त्यात काय लिवलंय, मास्तर?”

ते हळू आवाजात म्हणाले, “मानमोडी अठरा साली आली, बाई. इथं मुलाचा जन्म वीस सालचा लिहिलाय. म्हणजे वडील गेल्यावर वीस महिन्यांनी.”

मी दरवर्षी गणितात पहिला येत होतो. दरवर्षी प्रगतिपुस्तकावर ती तारीख स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहीत होतो. ही वजाबाकी मला कधी सुचली नव्हती. आईला ती उभ्या उभ्या कळली. तिच्या कपाळावरची शीर मला दिसली.

धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी समोर बोलू नये अशी आमच्यात रीत. काही सांगायचं तर ती पोरांच्या तोंडून सांगे. वडील गेल्यापासूनच्या सतरा वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द सरळ बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं पदर मागं सारला आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, “भावजी, तुमी सांगा.”

रखमाजी कोटाचं बटण चाचपत होता. ते नीट लागलंय याची त्यानं खात्री करून घेतली आणि हेडमास्तरांना म्हणाला, “बायामाणसांच्या ध्येनात ऱ्हात न्हाई, सायेब. हिनंच सांगितली आसंल कायतरी तारीख.”

मला वाटलं होतं की माणूस निदान अडखळेल तरी. तो अडखळला नाही.

आईनं पदर पुन्हा पुढं ओढला. मग म्हणाली, “व्हय. म्याच सांगितली. अडाणी हाय म्या. खोटं माजं हाय, पोराचं न्हाई. आंगठा कुठं द्यायचा?”

हेडमास्तर न कळण्याइतके भोळे नव्हते. रखमाजीला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं आणि जबाब स्वतः लिहिला. आईच्या अज्ञानामुळे तारीख चुकली, असं त्यात आलं. आईनं अंगठा दिला आणि शाई केसांना पुसली. परतीच्या वाटेवर रखमाजी पुढं चालत होता. कापूरहोळपाशी मागं वळून मला म्हणाला, “बघ, कसं काम करून घ्येतलं.”

जूनमध्ये मी पास झालो. वाडीतला पहिला मॅट्रिक. शाळेच्या ओट्यावर सत्कार ठेवला. नारळ मला मिळाला आणि फेटा रखमाजीला बांधला. तो बोलायला उभा राहिला. म्हणाला, पोराची आई अडाणी, तिनं वयाचा घोळ घातला, पण आपण भोरला जाऊन हेडमास्तराला गाठलं आणि सगळं निस्तरलं. लोक हसले. आई बायकांत मागं उभी होती. शेजारच्या सगुणाबाईनं तिला गमतीनं कोपर मारलं.

मग मास्तरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मला मराठीत बोलता येत होतं, इंग्रजीतही बोलता आलं असतं. खरं काय घडलं ते चार वाक्यांत सांगण्याइतकं शिक्षण माझ्याकडे सरकारी शिक्क्यानिशी होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “आबांच्या आशीर्वादानं हे झालं.” आणि खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला.

मान वर केली तेव्हा आई होती त्या जागेवर दुसरंच कुणी उभं होतं. घरी गेलो तर ती चुलीपुढं बसली होती. ताट पुढं सारून म्हणाली, “जेव.” मी बसलो आणि जेवलो.