चावा घेतलेली झांज

काचवालीला ड्रमवर बसवलं ते निव्वळ नाइलाजानं. बँडचा म्होरक्या पोस्टमन ही गोष्ट चारचौघांत सांगायचा, आणि तीही तिच्यासमोर.

काचवाली म्हणजे काचेच्या दुकानात आरसे आणि खिडक्यांच्या काचा कापणारी बाई. पंचेचाळिशी उलटलेली, दंड पैलवानासारखे, तोंडानं मितभाषी. लहानपणी ती रंगाच्या रिकाम्या डब्यांवर काठ्या बडवायची, तेव्हा वडिलांनी एक दिवस सगळे डबे भंगारात घातले होते. "घर आहे की कारखाना?" पुढे लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकायला लांब गेली. आणि मग एका सुट्टीच्या दिवशी तिनं कुणालाही न विचारता जुनापुराणा ड्रमसेट टेम्पोत घालून घरी आणला.

नवरा बसड्रायव्हर. तो दारातच थबकला. "अगं, हे काय?"

"ड्रम."

"ते दिसतंय मला. वाजवणार कोण?"

"मी."

नवऱ्यानं मोठ्या आशेनं आईकडे पाहिलं. आता आई काय ती खडसावेल. पण सासूबाईंना कानांनी दगा देऊन बरीच वर्षं झाली होती. त्या हळूहळू पुढे आल्या, हातातली काठी त्यांनी मोठ्या झांजेवर सहज आपटली. झांज झणाणली तशी म्हातारी हरखून गेली. "हे ऐकू येतं बघ मला! राहू दे गं सूनबाई, राहू दे." नवऱ्यानं हात टेकले.

पोस्टमनच्या बँडमध्ये तो स्वतः अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा, एक नर्स गायची आणि दोघे भाऊ गिटारवर होते. ड्रमवर होता हिरो. केस मागे फिरवत वाजवायचा म्हणून हिरो. त्याला मोठ्या बँडचं बोलावणं आलं नि तो यांना वाऱ्यावर सोडून गेला. शोधूनही कुणी मिळेना, तेव्हा पोस्टमन काचवालीच्या दारात उभा राहिला. "वहिनी, दुसरा मिळेपर्यंत बसता का?"

ती बसली. दुसरा काही मिळाला नाही. तरी पोस्टमन "मिळेपर्यंत" म्हणायचं सोडेना.

त्या वर्षी खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्या शहरातल्या बँडची स्पर्धा ठरली. रविवारी स्पर्धा आणि शुक्रवारी शेवटचा सराव, पोस्टाच्या मागच्या गोदामात. झांज हलू नये म्हणून काचवालीनं वरचा नट आवळला, मग पुन्हा आवळला. गाणं टिपेला पोचलं, तिनं सगळा जीव काढून झांजेवर काठी हाणली आणि झणकाराऐवजी आवाज आला, फट्! पत्र्याच्या टमरेलावर दगड बसावा तसा.

सगळे थांबले. तिनं झांज उतरवली, कडेवरून बोट फिरवलं. बोटाएवढा तडा होता. हेही तिच्या ध्यानात आलं, की नट इतका आवळला नसता तर झांज मोकळी झुलली असती, घाव पचवला असता.

वाद्यांच्या दुकानदारानं झांज हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि मान हलवली. "गेली ही, भंगार झाली. याला डाग देऊन सांधता येत नाही, तापवलं की आणखी फुटते. नवी मागवली तर पुढच्या महिन्यात येईल."

बातमीला पाय फुटले. शनिवारी सकाळी हिरो पोस्टमनच्या घरी हजर. त्याचा मोठा बँड स्पर्धेत उतरणार नव्हता आणि मिरवायची हौस काही जात नव्हती. "माझी झांज देतो," तो म्हणाला, "पण माझी झांज माझ्याच हातात वाजते. ड्रमवर मी बसणार."

काचवालीही तिथेच होती, पण पोस्टमन तिच्याकडे बघेना. चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "वहिनी, एवढ्या वेळी..."

"संध्याकाळपर्यंत थांबा," ती म्हणाली. "माझी झांज वाजली नाही तर मी आपणहून उठते."

शनिवारी दुपारनंतर दुकान बंद असायचं, चावी तिच्याकडेच. तिनं टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरलं आणि झांज पालथी घातली. काचेला तडा गेला की त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो तिथेच अडतो, हे तिच्या हातच्या सवयीचं. तिनं डोळ्यांनी टोक हेरलं आणि ड्रिल लावला. भोक सुरेख पडलं. झांज दोरीनं टांगून वाजवली. पुन्हा तोच फुटका, घरघरता आवाज. मग तिनं तिथे शाई चोळून पुसून घेतली. भोकाच्या पलीकडे नखभर काळी रेघ उरली होती. तडा भोकाला वळसा घालून निसटला होता.

ती स्टुलावर मटकन बसली. डोळे भरून आले. नवरा डबा घेऊन आला तेव्हा ती तशीच होती.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता सगळा तुकडाच कापायला हवा. कडेचा, अर्धचंद्रासारखा. पण चुकलं तर मागे फिरता येत नाही."

"नाहीतरी दुकानदार भंगार म्हणाला ना?"

"भंगार नाही ती!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की तो दचकला. मग त्यानं डबा बाजूला ठेवला, बाह्या सारल्या. "बरं. मी काय धरू?"

त्यानं दोन्ही हातांनी झांज टेबलाशी दाबून धरली. तिनं पेननं वळण आखलं, काळी रेघ पूर्ण आत येईल असं, आणि काच कापायचं चाक सुरू केलं. किंचित कापायचं, थांबायचं, पाणी शिंपडायचं, हातानं चाचपायचं. धातू गरम लागला की हात आखडता. नवऱ्याच्या शर्टाचा पुढचा भाग ओलाचिंब झाला, पण पठ्ठ्या हलला नाही. शेवटी तुकडा टणकन खाली पडला. तिनं कानशीनं कड घासली, बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत केली, पुन्हा शाई चोळली. पुसली. एकही रेघ नाही.

"वाजव की," नवरा म्हणाला.

काठी उचलायला तिला थोडा वेळ लागला. मग तिनं वाजवली.

झाँ! आवाज आला आणि पटकन विरला. स्वच्छ, तिखट, कसलीही घरघर नाही. पूर्वी ती लांबण लावायची, आता मोजकं आणि ठासून बोलत होती.

"तुझ्यासारखीच झाली," नवरा म्हणाला. मग दोघं तिथेच टेबलाच्या कडेला बसून जेवली.

संध्याकाळी गोदामात पोस्टमननं झांज पाहिली. "उंदरानं खाल्ली की काय?" पण गाणं सुरू झाल्यावर त्याची थट्टा कुठल्या कुठे पळाली. कारण नर्स गाता गाता मध्येच थांबली होती. "अहो, आज मला माझे शब्द ऐकू येतायत! एरवी झांजेखाली चिरडून जातात."

हिरो भिंतीला टेकून उभा होता. "लोक हसतील," तो म्हणाला.

"हसू देत," पोस्टमन म्हणाला, आणि पहिल्यांदाच काचवालीकडे सरळ बघत म्हणाला, "ड्रमवर आमची वहिनीच बसणार."

लोक खरंच हसले. हॉलमध्ये झांजेवर दिवा पडला, कडेचा चावा लख्ख दिसला आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "भूक लागली होती का हो?" काचवालीनं घाम पुसला. आज नट तिनं सैल ठेवला होता. पोस्टमननं मान हलवली आणि गाणं सुटलं.

पहिल्या कडव्याला लोक गप्प झाले. दुसऱ्याला पाय हलू लागले. प्रत्येक ओळीच्या शेवटी झांज एकदाच कडाडायची, लगेच वाट मोकळी करायची, आणि त्या मोकळ्या जागेत नर्सचा आवाज असा लख्ख उतरायचा की अंगावर काटा यावा. काचवालीची भीती कधी गळून पडली, तिचं तिलाच कळलं नाही. तिचे हात आज तिच्याही पुढे धावत होते. शेवटचा घाव बसला तेव्हा अख्खा हॉल उभा होता आणि पुढच्या रांगेत सासूबाई शेजारणीचा दंड धरून ओरडत होत्या, "सून आहे माझी! सून!"

त्यांचा पहिला नंबर जाहीर झाला तसं दोघा गिटारवाल्या भावांनी एकमेकांना उचललं. नवरा शिट्ट्या मारत होता. हिरो केस सावरत तिच्याजवळ आला, झांजेच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवत राहिला. "काचवाली, मलाही अशी एक कापून द्याल?"

"देईन की," ती म्हणाली. "आधी तुमची फुटू दे."

तो मनापासून हसला.

समोर लोक बसायला तयार नव्हते, आणखी एक गाणं हवंच म्हणून पाय आपटत होते. पोस्टमननं अ‍ॅकॉर्डियन पुन्हा गळ्यात अडकवला आणि वळून विचारलं, "वहिनी, कुठलं घेऊ या?" या बँडमध्ये हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं गाणं सांगितलं, सगळ्यात वेगवान, जे सरावात सगळे टाळायचे ते. आणि त्यानं इशारा करायच्या आतच तिनं ताल धरला, इतका जोरकस, की बाकीच्यांना तिच्यामागून पळत यावं लागलं.