वादीतला मासा आणि माझ्या तोंडून गेलेलं नाव

शनिवारच्या सहलीसाठी आधी घरी आलेलं सामान असं: पाण्यात चालायचे रबरी बूट दोन जोड, एकोणचाळीस दिरहमला एक, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. उन्हाचं क्रीम बत्तीस. भिंग पंधरा. एकूण सव्वाशे दिरहम, चोवीसने गुणलं की झाले तीन हजार रुपये. आमचे हे म्हणाले, "एवढ्यात नदीच घरी आली असती." तुम्ही जाणार असाल तर क्रीम नाही घेतलं तरी चालेल, टोपी आणि ओढणी पुरते. बूट मात्र घ्या. पाण्यातले दगड शेवाळलेले असतात.

ही यादी खालच्या मजल्यावरच्या मृणालताईंनी दिली होती. त्या पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. इथे शारजात आल्यापासून थंडीत शनिवारी चार-पाच जणांना डोंगरातल्या नद्या दाखवायला नेतात, पैसे घेत नाहीत. आमची ईशा सहावीत आहे. तिच्या वर्गात नद्यांचा प्रोजेक्ट होता: इथली एक डोंगरी नदी, आपल्या देशातली एक, आणि त्यावर वर्गात येऊन बोलणारं ओळखीचं एक मोठं माणूस. ईशाने मला न विचारताच मृणालताईंचं नाव देऊन टाकलं. मी म्हटलं, "अगं, मी नदीकाठची आहे." तर म्हणते, "बट आई, यू आर ओन्ली टेन्थ पास ना? शी नोज ऑल द नेम्स."

वाईट मनाने बोलली नाही ती. म्हणूनच जास्त लागलं.

वादी म्हणजे इकडची डोंगरातली नदी. बहुतेक वर्ष कोरडी, वर पाऊस पडला की एकदम लोंढा. सासूबाईंना सांगलीला फोन करून सांगितलं, "उद्या वादीला चाललोय." त्यांना ऐकू कमी येतं. त्या म्हणाल्या, "वाडीला? अगो, मग पादुकांपुढे माझ्या नावाने नारळ ठेव." नरसोबाची वाडी कुठे आणि ही कुठे! मी हो म्हटलं आणि देवापुढे घरीच नारळ ठेवला. खोटं बोलल्याचं पाप नको.

शारजाहून सकाळी साडेसहाला निघालो. खोर फक्कानचा रस्ता नवा, गुळगुळीत, डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून जातो. दीड तास धरा. पेट्रोल आदल्या दिवशीच भरा आणि मुख्य म्हणजे हवामान बघा. डोंगरावर ढग दिसला तर वादीत उतरायचं नाही, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरीही. वाटेतल्या टपरीवर चहा घेतला, दोन दिरहमला एक. त्याला इथे "करक" म्हणतात. आपलाच "कडक" तो, इथे येऊन मवाळ झालाय. माझा शनिवारचा उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी डब्यात होती. बाकीच्यांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

ईशा पूर्ण वेळ मृणालताईंच्या गाडीत. आमची गाडी मागे. मागच्या काचेतून तिची वेणी दिसत होती, मान सारखी त्यांच्याकडे वळलेली. ती वेणी पहाटे पाचला उठून मी घातली होती.

खोर फक्कानच्या अलीकडे डोंगरात शिरणारा फाटा लागतो, तिथून पुढे खडीचा रस्ता. मोबाइलची रेंज जाते. डोंगर गंजलेल्या तव्यासारखे, गवताची काडी नाही. आणि खाली उतरलात की दगडांमधून बोटभर रुंद पाणी झुळझुळतंय, त्याच्या काठाला गुलाबी कण्हेर फुललेली. मी हात जोडले. मृणालताई म्हणाल्या, "निरियम. अख्खं झाड विषारी, बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून तर टिकलंय."

"वॉव," ईशा म्हणाली.

मी रोज देवाला कण्हेर वाहत मोठी झाले, मला कोणी वॉव म्हटलं नाही.

पुढे हे असंच. चतुर उडाला, त्यांना नाव माहीत. दगडाखालून बेडकासारखं काही उडी मारून गेलं, "बेडूक नाही, भेक," त्यांना माहीत. रुईचं झुडूप दिसलं तेव्हा मी पुढे झाले. शनिवार, मारुतीचा वार. माळेपुरती पानं तोडावीत म्हणून हात घातला तोच ईशा ओरडली, "आई, स्टॉप! एग्ज!" पानाच्या पाठीवर मोहरीपेक्षा बारीक पांढरा ठिपका होता. नारिंगी फुलपाखरू याच झाडावर अंडी घालतं, अळीला दुसरा पाला चालत नाही, असं मृणालताईंनी समजावलं. तेही किती गोड आवाजात! "वहिनी, तुमचा काही दोष नाही हो."

मी मनातल्या मनात म्हटलं, मारुतीराया, आज मृणालताईंना एक तरी नाव अडू दे. देवाजवळ असलं मागू नये. मागितलं खरं.

वर एक डोह आहे, गुडघाभर, काचेसारखा. काठावर खजुराची बाग, तिथला राखणदार पठाण बाबा हिंदीत म्हणाला, "बैठो, पैर डालो. मछली पकड़ना नहीं, बस." पाय घातले आणि दहा-बारा करंगळीएवढे मातकट मासे येऊन पायांना तोंड लावायला लागले. ईशा खिदळत होती. मृणालताई सांगू लागल्या: हे दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा उरल्यासुरल्या डोहात गोळा होतात, लोंढा आला की पुन्हा सगळीकडे पसरतात. "गारा याचं शास्त्रीय नाव. आणि गंमत म्हणजे याचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या नद्यांतही आहेत."

ईशाने वही उघडली. "आंटी, मराठी नेम?"

मृणालताई म्हणाल्या, "मराठी... अगं, ते नाही बाई मला माहीत."

आणि मी एका क्षणात म्हणाले, "मळ्या."

दोघींनी वळून पाहिलं. मग मी थांबतेय कशाची! सांगितलं, माझ्या माहेरी घाटाखाली देवीच्या देवळाखाली डोह होता. तिथले मासे देवाचे, कोणी धरायचे नाहीत. आम्ही मुली चुरमुरे टाकायचो, पाय सोडून बसायचो, असेच चावे घ्यायचे. पायाचा मळ खातो म्हणून मळ्या.

"वहिनी, काय सांगता!" मृणालताईंनी चक्क माझा हात धरला. "लोकांनीच राखलेला डोह! हे मला पुस्तकात मिळालं नसतं. वर्गात माझ्याऐवजी तुम्हीच बोला. निदान हे तरी."

ईशाने शाईच्या पेनाने लिहिलं: मळ्या. पुढे कंसात, माय आई. परतताना ती आमच्या गाडीत बसली, स्वतःहून. बोगद्यांच्या अंधारात तिने विचारलं, "आई, अजून कोणते फिश होते?" आमचे हे आरशातून माझ्याकडे बघून हसले. सव्वाशे दिरहम वसूल, असं ते हसणं.

घरी येऊन बूट बाल्कनीत वाळत घातले आणि तिथेच मनात शंका आली. डोह खरा, देवी खरी, चावे खरे. पण "मळ्या" हे मी कोणाच्या तोंडून ऐकलं होतं, की त्या क्षणी मृणालताई अडल्या म्हणून आनंदाच्या भरात जुळवलं? आठवेना. भावाला फोन केला. तो म्हणाला, "आपण माळकरी माणसं, मासा म्हणजे मासा. त्याला कोण नाव विचारतंय?" नेटवर "मळ्या" शोधलं तर उसाचे मळे, केळीचे मळे आणि मळ्यातली विकायची घरं निघाली.

दोन दिवस तसेच गेले. मग ईशाला सांगितलं की मला खात्री नाही. वाटलं, ही आता पुन्हा खाली मृणालताईंकडे पळणार. तिने वही उघडली, म्हणाली, "ओके. क्वेश्चन मार्क टाकूया," आणि "मळ्या"पुढे एक मोठं, गुबगुबीत प्रश्नचिन्ह काढलं. "सायंटिस्ट्स डू धिस, आंटीने सांगितलंय." म्हणजे इथेही आंटीच! आतून जळलंच. पण कंसातलं माझं नाव तिने खोडलं नाही.

वादी बघून या, थंडीतच, कचरा परत आणा, रुईची पानं तोडण्याआधी उलटून बघा. आणि तुमच्यापैकी कोणाचं गाव घाटाखाली नदीकाठी असेल, घरात मासे ओळखणारं कोणी म्हातारंकोतारं माणूस असेल, तर त्यांना विचारा: करंगळीएवढा, मातकट, दगडाला चिकटून शेवाळ खाणारा, पाय सोडले की चावे घेणारा मासा. त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? मळ्या असेल तरी लिहा, दुसरं काही असेल तरी लिहा. पुढच्या सोमवारी वर्गात मला उभं राहायचंय. मृणालताईंना मी अजून काही बोललेले नाही. तेव्हा कृपा करून उलट टपाली कळवा, आणि आधी मला कळवा.