कोंबड्यांना दिलेले कव्हर ब्लॉक

"साहेब, पाच घमेली कव्हर ब्लॉक कमी पडतात. लाडकीनं कुठंतरी विकले असणार. आजच तिला कामावरून काढतो."

आमचे सुपरवायझर कदम हे साताऱ्याचे. त्यांचा राग नेहमी तयारच असायचा. मी म्हटलं, "कदम, कव्हर ब्लॉक विकत घेणार कोण?"

पण ब्लॉक नव्हते हे खरं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट ओतायचं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. घिवली गावाच्या बाजूला एका कॉलनीसाठी आम्ही पाण्याची टाकी बांधत होतो. मी चोवीस वर्षांचा ज्युनियर इंजिनियर. काँक्रीटमधल्या सळ्या तळाला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली सिमेंटच्या छोट्या वड्या ठेवतात. त्याच कव्हर ब्लॉक. आमच्या दोन इंच जाडीच्या. समुद्र जवळ, हवा खारी. वडी कमी जाडीची असली की सळी बाहेरच्या अंगाला येते आणि लवकर गंजते. या वड्या पाडायचं काम मासवण गावाकडून आलेली लाडकी करायची.

जेवणाच्या सुट्टीत कदमांना घेऊन मी मजुरांच्या झोपड्यांकडे गेलो. मागच्या अंगणात आमचे ब्लॉक सापडले. मजुरांच्या पोरांनी त्यांचा खेळातला अख्खा पाडा उभा केला होता! ब्लॉकच्या भिंती, सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदाचं छप्पर, कारवीच्या काड्यांचं कुंपण. एकाही घराला खिडकी नव्हती. आमच्या क्वार्टर्सपेक्षा भिंती मात्र ओळंब्यात सरळ होत्या.

पोरं पळाली. लाडकीची सात वर्षांची सोमी तेवढी बसून राहिली. लाडकी जेवण टाकून धावत आली.

"साहेब, पोरीला मारू नका. तिला काय कळतं? मी परत पाडून देतं. माजं काम नका काढू."

मला फार वाईट वाटलं. मी सोमीशेजारी उकिडवा बसलो. एका कडेला काही ब्लॉक वेगळे काढून तिनं खुराडं केलं होतं.

"हे घराला का नाही लावलेस?"

"ती बुटकी हाय," सोमी म्हणाली. "लावली का घर कलतं. मंग कोंबड्यांना दिली."

कदम मोठ्यानं हसले. मीही हसलो, आणि मध्येच थांबलो. खिशातली फूटपट्टी काढून खुराड्याचा एक ब्लॉक मोजला. दीड इंच! दुसराही दीड.

तसाच सुताराकडे गेलो. ब्लॉक पाडायचे चार साचे होते. चौथ्या साच्याची फळी दीड इंची.

"दोन इंची संपली होती साहेब," सुतार शांतपणे म्हणाला. "तुम्हीच पास केलंत की."

खरं होतं. मी पहिला साचा मोजला होता. बाकीचे तीन नुसत्या नजरेनं पास केले होते. आणि त्या चौथ्यातले ब्लॉक टाकीच्या तळाच्या सळ्यांखाली जाऊनही बसले होते.

तिथून थेट साइटच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "उद्या काँक्रीट नको, सर," म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

"चूक पकडली कोणी?"

"लाडकीच्या मुलीनं. सात वर्षांची आहे."

"आणि साचे पास केले कोणी?"

"मी."

त्यापुढचं पाच मिनिटांचं बोलणं इथं लिहिण्यासारखं नाही. पण काँक्रीट एक दिवस पुढं गेलं. बुटके ब्लॉक निवडायला लाडकीच बसली. "उद्यापण ये गं," हे तिला कदमांनी स्वतः सांगितलं. पदर तोंडाला लावून ती रडली.

पाड्यातली घरं आम्हाला मोडावी लागली. बदल्यात मी शटरिंगच्या लाकडाचे कापलेले तुकडे चार घमेली भरून पाठवले. पोरांना ते जास्तच आवडले. सोमीनं मात्र आधी तुकड्याला तुकडा लावून उंची जुळते का ते पाहिलं. साहेबानं पाठवलेला माल होता ना!

शिकलो ते एवढंच: पहिला नग मोजून बाकीच्यांवर सही करू नये. नंतर प्रत्येक साइटवर मी प्रत्येक साच्यातले चार-चार ब्लॉक एकावर एक रचून शेजारीशेजारी उभे करायचो आणि एखादा ढीग बुटका दिसतो का ते लांबून बघायचो.

एकदा एका बड्या साहेबांनी विचारलं, "काय हो, खेळताय काय?"

"हो सर," मी म्हणालो.