चाकाचाकाला हळदीकुंकू

मंडळी, आज दसऱ्याला तरी कुणावर चिडायचं नाही असं ठरवलं होतं. नाही जमलं.

जुनी घड्याळं दुरुस्त करायचा मला नाद आहे. शिनोलीच्या बबनअण्णांचं लंबकाचं घड्याळ चार महिने खपून सुरू केलं. एकेक चाक पेट्रोलमध्ये धुतलं, तुटलेली स्प्रिंग बदलली. गेल्या आठवड्यात भिंतीला लावून आलो आणि बजावलं, "अण्णा, फक्त चावी द्यायची. बाकी हात लावायचा नाही."

आज सकाळी फोन. "भाऊ, घड्याळ थांबलं. या की जरा."

गेलो. घड्याळाला झेंडूचा हार होता. ते ठीक. आत बघितलं आणि डोकंच फिरलं. चाकाचाकाला हळदीकुंकू, वर अक्षता! एक तांदूळ नेमका दोन चाकांच्या दातांत अडकलेला.

"अण्णा, हे काय केलंत?"

"पूजा केली. मोटारीची केली, ट्रॅक्टरची केली, मग ह्यालाच कसं सोडायचं?"

"अहो, मग बाहेर लावायचं ना, काचेवर!"

"पर चालतंय तर आतलंच ना, राव?"

माझा आवाज चढला. "इतकी वर्षं घरात आहे, कधी केली होती का पूजा?"

"न्हाई," अण्णा शांतपणे म्हणाले. "तवा बंद व्हतं. औंदा चालतंय, म्हणून तर केली."

घड्याळ घरी आणून पुन्हा सगळं खोललंय. तेलात कालवलेली हळद निघता निघत नाहीये. चिडचिड तर पोटभर होतेय, पण चिडायचं कुणावर, तुम्हीच सांगा.