पाचटाचे सांबर

मी धनुष्य हातात घेतले ते सेवानिवृत्तीनंतर. त्याआधीची सगळी वर्षे महाविद्यालयात संस्कृत शिकवण्यात गेली. वर्गात जे बोलायचे ते पुस्तकातले असे, म्हणून बोलता येई; स्वतःचे काही सांगायची वेळ आली की मला उगाच खोकला यायचा. साताऱ्यातल्या मैदानावर सराव करणारी तरुण मुले परदेशी बनावटीची, दुर्बिणीसारखी भिंगे लावलेली धनुष्ये घेऊन येत. मी शेवटच्या रांगेत, भिंतीच्या कडेला, साध्या बांबूच्या धनुष्याने बाण सोडत असे. तिथे मला कोणी हसत नव्हते. कोणी पाहतच नव्हते. ते मला सोयीचे होते.

पाहिले ते हवालदारांनी. ते सैन्यातून निवृत्त झालेले, शिराळा तालुक्याच्या पार पश्चिम टोकाला, जंगलाच्या हद्दीवर त्यांचे गाव. बांबूची धनुष्ये स्वतः तासून, गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलवर बांधून ते विकायला आणत. माझे चार-पाच बाण गवतात गेल्यावर ते जवळ आले.

"बाई, तुमी बाणाकडं बगताय. सांबराकडं बगा."

"इथे कुठे आहे सांबर?"

"त्येच तर म्हन्तोय," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे निघून गेले.

पुढे ओळख वाढली तसा त्यांचा मनसुबा मला कळला. बांबूच्या धनुष्यवाल्यांना कुठे जागाच नव्हती. स्पर्धांत त्यांना घेत नसत, आणि बड्या लोकांच्या शिबिरांचे दर ऐकूनच माणूस माघारी फिरे. हवालदारांच्या वाट्याला डोंगराच्या कुशीतली एक पडीक उतरण आली होती. तिथे उसाच्या पाचटाची सांबरे करून झाडीत उभी करायची, दोघा-तिघांना घेऊन पारध्यासारखे दबकत चालायचे, आणि ज्याला सांबर दिसेल त्याने बाण सोडायचा. राहणे त्यांच्या घरी, जेवण त्यांच्या चुलीवरचे. साध्या पगाराच्या माणसाला परवडेल असे दोन दिवस. पत्रव्यवहार, जाहिरातीचा मजकूर, येणाऱ्यांना समजावून सांगणे हे मी करावे, असे त्यांना वाटत होते. समजावून सांगणे हा शब्द ऐकून मला तिथेच खोकला आला.

त्यांना हे कशासाठी हवे होते, ते मला त्यांच्या पत्नीने सांगितले. पूर्वी त्या गावात शिमग्याला पारध होत असे. सगळा गाव रान उठवी, आणि जे मिळेल त्याचे उंबऱ्यागणिक वाटे पडत. पाटीवर वाटे मांडायचे, एकाने त्यांच्याकडे पाठ करून बसायचे, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून "ह्यो कुनाचा?" विचारायचे आणि पाठमोऱ्याने एकेक घर पुकारायचे. म्हणजे लहानमोठ्या वाट्यावरून भांडण नाही. पारधीला न आलेल्याचा, विधवेचा, आजाऱ्याचाही वाटा पडे. शिकारबंदीचा कायदा आला तरी काही वर्षे हे गुपचूप चालले. शेवटच्या पारधीला सांबर पडले ते हवालदारांच्या वडिलांच्या बाणाने.

"वाटं समद्या घरात गेलं बाई," वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आन मामंजींस्नी न्यायला गाडी आली तवा समदी दारं लागली. तुरुंगातनं आलं ते खोकतच आलं. तवापास्नं ह्या घराला शिकाऱ्याचं घर म्हन्त्यात. ह्यांनी येवढी फौजेत नोकरी केली, पर गावात कुनी हवालदाराचं घर म्हनत न्हाई."

म्हणून त्यांना ते धनुष्य उजेडात, कायद्याच्या चौकटीत, चारचौघांसमोर वापरायचे होते. पहिला खिळा ठोकण्यापूर्वी ते मला घेऊन वनखात्याच्या चौकीवर गेले. तिथला वनरक्षक वयाने लहान, हसतमुख. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "जागा तुमची, पाचट तुमचं. पाचट मारल्याचा गुन्हा अजून निघालेला नाही, हवालदार." परत येताना हवालदार घाटात गाडी थांबवून नुसतेच उभे राहिले. त्यांना बरे वाटले होते, एवढेच मला समजले.

सांबरे आम्ही अंगणात केली. पाचटाचे घट्ट भारे सुतळीने आवळायचे, वर गोणपाट शिवायचे, चार बांबूंवर उभे करायचे. शिंगे म्हणून करवंदीच्या फांद्या खोचल्या होत्या. पहिल्याच वाऱ्यात त्या पडल्या, आणि आमच्या कळपात नर उरला नाही. वहिनींनी त्यावरून आम्हा दोघांची पुष्कळ चेष्टा केली. पण खरा त्रास झाला वाळवीचा. उतरणीवर ठेवलेले सांबर पंधरवड्यात पायापासून पोकळ व्हायचे. त्या भागात घराच्या वाशाला, कणगीच्या बुडाला वाळवी लागू नये म्हणून मिठाचे पाणी मारतात. हवालदारांनी तोच उपाय केला. इस्लामपूरच्या बाजारातून खडे मिठाची पोती मी आणली. हौदात मीठ विरघळवून आम्ही पाचट आणि गोणपाट त्यात भिजत घातले, वाळवले, पुन्हा शिवले. वाळवी थांबली. आम्हाला फार आनंद झाला.

पहिले शिबिर नीट पार पडले. पाहुण्यांत एक शिंपी होता, एक बस वाहक होता, दोन शिक्षिका होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहून नियम सांगितले आणि खोकले नाही. शेवटी हवालदारांनी पळसाच्या पानांवर गूळ-शेंगदाण्याचे वाटे मांडले, मला पाठमोरे बसवले आणि "ह्यो कुनाचा?" असे विचारू लागले. मी नावे पुकारली. गावातली चार माणसे कुंपणाशी उभी राहून बघत होती. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "हवालदार, गुळाचं सांबर पयल्यांदाच बगितलं गड्या!" सगळे हसले. हवालदारांनी त्यांचेही वाटे पानावर घातले आणि त्यांनी ते घेतले.

त्यानंतर सकाळी सांबरांच्या मानेपाशी गोणपाट उसवलेले दिसू लागले. वहिनींनी म्हशीला दोष दिला आणि तिचे दावे आखूड केले. तरी मान उसवतच राहिली. मी सुई-सुतळी घेऊन ती शिवत असे. हवालदारांच्या आणि माझ्या डोक्यात वाळवी इतकी बसली होती की, मीठ चाटायला रानातले कोणी येऊ शकेल हे आमच्या मनाला शिवले नाही.

थंडीतल्या शिबिराला साताऱ्याच्या एका दूध डेअरीतले कारकून आले होते. मोठे सौम्य गृहस्थ. आदल्या दिवशी त्यांचा एकही बाण लागला नव्हता आणि प्रत्येक वेळी ते बाणाची माफी मागत. हवालदार रोज संध्याकाळी सांबरांच्या जागा बदलत, कारण शिकाऱ्याने सांबर स्वतः शोधले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सकाळी दरीतून धुके वर आले होते. पुढे हवालदार, मध्ये कारकून, मागे मी. ओढ्याच्या वळणावर हवालदारांनी हात वर केला. म्हणजे इथून दिसते, शोधा. ते स्वतः नियमाप्रमाणे मागे वळून उभे राहिले, वाटाड्याच्या नजरेवरून जागा कळू नये म्हणून.

जांभळीखाली एक सांबर होते आणि त्याच्या जरा उजवीकडे आणखी एक. मला वाटले, हवालदारांनी आज दोन एकत्र ठेवली. कारकुनांनाही तेच वाटले असावे. त्यांनी ओढले, सोडले, आणि बाण उजवीकडच्या सांबराच्या खांद्यामागे बसला.

"लागला!" ते ओरडले. "बाई, लागला!"

सांबराने मान वळवून आमच्याकडे पाहिले. मग ते उडी मारून ओढ्यात उतरले आणि दगड गडगडल्याचा आवाज आला. डावीकडचे पाचटाचे सांबर होते तसेच उभे राहिले. त्याची मान ओली होती.

हवालदार वळले तेव्हा त्यांना फक्त आवाज ऐकू आला होता. आमचे चेहरे पाहून त्यांनी ओढ्याकडे पाहिले. कारकून खाली बसले. "मला वाटलं, किती छान केलंय," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

माग काढायला वेळ लागला. हवालदारांनी आम्हाला घरी पाठवले नाही; एकट्याने गेलो तर उद्या कोण काय म्हणेल, असे ते म्हणाले. ऊन चढल्यावर ते सांबर खाली ओढ्यात, डोहाच्या काठी सापडले. मादी होती. आम्ही पोहोचलो तेव्हा तिचा श्वास चालू होता, आणि आम्ही तिथे बसून असताना तो थांबला. तिच्या ओठांवर पाचटाची काडी चिकटली होती. हवालदारांनी ती काढली नाही. त्यांनी कशालाच हात लावला नाही.

गावाला कसे कळले कोण जाणे. अर्ध्या तासात सातआठ माणसे ओढ्यात उतरली. गुळाच्या सांबराला हसलेला म्हातारा त्यांच्यात होता.

"हवालदार, गप ऱ्हावा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कातडं काडू, वाटं घालू. घरटी वाटा. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय," हवालदार म्हणाले.

"आवं, मुद्दाम मारलंय का? देवानं धाडलंय."

"मग देवालाच इचारा, माज्या बापाला तुरुंगात कुनी धाडलं हुतं."

म्हाताऱ्याचा आवाज चढला. "बापाचं काय काडताय? बापानं कवा गावाला सोडून खाल्लं न्हाई! त्येचा वाटा माज्या घरात आला हुता, मी खोटं बोलनार न्हाई."

"आला हुता. आन तालुक्याच्या कोर्टात त्येच्यासंगं कोन आलं हुतं?"

मागून एक तरुण म्हणाला, "लय शाना झालाय पेन्शनवाला." दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसले, पण तो बोलला होता.

हवालदार माझ्याकडे वळले. "बाई, तुमी आन साहेब हितंच बसा. कुनाला हात लावू दिऊ नका. मी चौकीवर जाऊन येतो."

ते चढ चढून गेले. मी त्या मृत जनावराच्या आणि त्या माणसांच्या मध्ये एका दगडावर बसले. माझ्यासारख्या बाईने कोणाला अडवणे ही कल्पनाही हास्यास्पद होती. त्यांनी मला उचलून बाजूला ठेवले असते तरी मी काही करू शकले नसते. पण कोणी पुढे आले नाही. ती माणसे तिथेच उकिडवी बसून राहिली, आणि त्यांच्यातले कोणीही माझ्याकडे पाहत नव्हते.

वनरक्षक तोच होता. या वेळी त्याला हसू येणे शक्य नव्हते. पंचनामा सुरू झाला. हवालदार सावधान उभे राहून सांगत होते, "धनुष्य मी केल्यालं. जागा माजी. मीठ लावायचं डोस्कं माजं." कारकून म्हणाले, "बाण मी मारला." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खोकले, आणि मग म्हणाले, "मीठ मी आणलं." वनरक्षकाने मान खाली घालून लिहून घेतले. "हवालदार," तो म्हणाला, "तुम्ही स्वतः आलात हे मी वर सांगीन. पण मला हे सोडता येणार नाही." हवालदार म्हणाले, "सोडू नगा."

पशुवैद्य आले, तपासणी झाली, आणि नियमाप्रमाणे ते सांबर तिथेच ओढ्याकाठी जाळले. लाकडे हवालदारांनी फोडून दिली. सगळा गाव वरच्या बांधावर उभा होता. धूर त्यांच्याच बाजूला जात होता. धनुष्ये जप्त झाली, शिबिर बंद झाले. आमच्या तिघांच्या नावे खटला लागला, तो अजून चालू आहे. तारखेला मी आणि कारकून साताऱ्याहून येतो, हवालदार गावाहून येतात. वकिलाने हाक मारेपर्यंत आम्ही बाकावर बसून असतो. त्यांच्याबरोबर गावातले कोणी येत नाही. एसटीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते, असे वहिनी म्हणाल्या.

चैत्रात त्या गावची यात्रा असते. तेव्हा देवाच्या बोकडाचे वाटे घरोघर जातात. जुन्या पारधीचे एवढेच आता उरले आहे. मी त्या दिवशी तिथे गेले होते. वहिनींनी वाटण वाटून ठेवले होते आणि वाटा घ्यायचे जर्मनचे पातेले घासून उंबऱ्यावर मांडले होते. देवळापुढे कोणीतरी पाठमोरे बसून नावे पुकारत होते. आवाज घरापर्यंत स्पष्ट येत होता. शेजारच्या घराचे नाव आले, पलीकडच्या घराचे आले, मग वरच्या आळीची नावे सुरू झाली.

हवालदार पायरीवर बसून ऐकत होते. नावे संपली. मग उठून त्यांनी पातेले उचलले, हौदातून पाणी भरले आणि आखूड दाव्याच्या म्हशीपुढे ठेवले.

"हिचं दावं सोडायचंच ऱ्हायलं बगा," ते म्हणाले. "हिनं काय केलं न्हवतं."