थोरला आला का?

पडदा उजळला की नाना हातातली काठी जमिनीवर दोनदा आपटायचे आणि म्हणायचे, "दम धरा, आते व्हई." आता होईल, एवढ्यावर अख्खा तंबू गप्प. तुमच्यापैकी कोणी मुके सिनेमे पाहिले असतील, तर पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस आठवत असेल. धुळ्याच्या बाजारातल्या आमच्या तंबूत ते काम नानांचं. मी शेजारी बसून पेटी वाजवायचो.

एकदा मुंबईहून भलत्याच चित्राचे डबे आले. मधल्या पाट्यांवरची अक्षरं इंग्रजीसारखी, पण इंग्रजी नव्हेत. पोस्टातल्या गोवेकर बाबूने ती स्पॅनिश म्हणून ओळखली. अर्थ त्यालाही लागला नाही. चित्रात ना घोडे, ना मारामारी. एक म्हातारा मरायला टेकलेला, खाटेभोवती मुलंबाळं, आणि सगळ्यांचे डोळे दाराकडे, कारण थोरला मुलगा आलेला नाही. तो येतो तेव्हा म्हातारा गेलेला असतो. मालक म्हणाले, लोक तंबू उपटतील. पण शनिवारी डबे परत जाईपर्यंत दुसरं चित्रच नव्हतं.

गोष्ट नाना एरवी पुस्तकी भाषेत सांगायचे, ही त्यांनी घरच्या अहिराणीत सांगितली. बघता बघता माणसं उठून उभी राहिली. थोरला आला का, असं बायका पडद्याकडे बघत विचारू लागल्या, "मोठा उना का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गायब. कारण मला ठाऊक होतं. त्यांचं गाव पांझरेकाठी, तीन कोसांवर. घरातले थोरले तेच. आठ वर्षांपूर्वी नांगर टाकून ते तंबूत आले, तेव्हापासून बापाने बोलणं टाकलं होतं. आता म्हातारा अंथरुणाला खिळल्याचा निरोप दोनदा येऊन गेला होता.

दोन दिवस मीच कशीबशी गोष्ट सांगितली. शुक्रवारी, शेवटच्या खेळाला, तंबूच्या तोंडाशी बैलगाडी उभी राहिली. हाकायला नाना, मागे गोधडीत त्यांचे वडील, आबा. नजर गेलेली, तरी पोराचं चित्र बघायचंच, हा त्यांचाच हट्ट. चौघांनी त्यांना गोधडीसकट उचलून पुढे आणलं. बातमी बाजारभर झाली. तंबूत पाय ठेवायला जागा उरली नाही.

खेळ रंगात आला आणि आबांनी सगळंच खोटं ठरवलं. मोठ्याने म्हणाले, "बठ्ठं खोटं शे. मरनारा इतला गप राहत नही." तंबू हसला. नानाही हसले.

मग ते दार आलं. थोरला उंबऱ्यात उभा, आणि नाना पडदा सोडून आबांकडे वळले. मी वाजवायचा थांबलो.

"बोल ना रे," आबा म्हणाले. "मोठा उना का?"

"उना, आबा. उशीर व्हयना, पन उना."

"मंग जेवाले वाढा त्याले."

जो कल्लोळ झाला, तसा कुठल्या घोडदौडीला झाला नव्हता. पडद्यावरचा म्हातारा तेव्हा मेलेला होता. ते नानांनी सांगितलं नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनीही नाही.

आबा आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत जगले. नाना तंबूत परतले नाहीत. तंबू जळगावला हलला, तिथे आम्ही दुसरा माणूस ठेवला, तो फार शुद्ध बोलायचा. मला नाना दिसतात ते त्या खेळानंतरचे: कासरा दुसऱ्याकडे देऊन गाडीशेजारी पायी चाललेले, वाऱ्याने उडू नये म्हणून एक हात गोधडीवर, आणि गोधडीतून आबा काहीतरी बोलतच होते.