मॉनिटरला लावलेलं कुंकू

बारावीच्या वर्षी लातुरात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी हिमायतनगरचा, माझा पार्टनर जळकोटचा. दोघांचेही बाप आम्हाला डॉक्टर करायच्या मागे लागलेले. क्लासच्या प्रत्येक टेस्टला गडी माझ्या पुढं, अन् वर गायचाही असा की मला त्याचा रागच यायचा.

एका रविवारी दुपारी त्यानं सायबर कॅफेवाल्याकडून इंग्रजी सिनेमाची सीडी आणली अन् खोलीतल्या त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावली. लाल झगा, डोळ्यांवर निळा रंग, पायात जाडजूड बूट, गळ्यात गिटार, अन् एक बाप्या असा जीव तोडून गात होता की माझ्या अंगावर काटाच आला. इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धं कळायचं. पण हा माणूस कुणाच्या बापाला भीत नाही, हे कळायला इंग्रजी कशाला लागतं? पार्टनर तर रडत होता. त्याच्या ट्रंकेत फिजिक्सच्या नोट्सखाली बहिणीची ओढणी असायची, हे फक्त मला माहीत होतं.

तेवढ्यात घरमालकीण दारात. मावशी म्हणायचो आम्ही तिला. भूकंपात तिचं अख्खं माहेर गेलेलं. लई कडक बाई. पत्ते सापडले म्हणून आधीच्या पोरांच्या गाद्या तिनं रस्त्यावर फेकल्या होत्या. परीक्षा तोंडावर, आता आमच्याही जाणार. मेलोच, म्हटलं.

मावशीनं पडद्याकडं पाहिलं, चप्पल बाहेर काढली अन् हात जोडले. आमच्याकडं आराधी बाप्ये देवीच्या नावानं लुगडं नेसून, परडी घेऊन जोगवा मागतात. हा तिकडचा आराधी, असं तिला वाटलं. याची परडी कुठंय, असं विचारून तिनं खालून कुंकू आणलं, मॉनिटरला लावलंसुद्धा. मी मुकाट मान हलवली. सुटलो होतो ना!

पण पार्टनरला कुठली अवदसा आठवली. म्हणाला, "मावशी, ह्यो देवीचा न्हाई. त्याला आवडतं म्हणून बाईचा झगा घालतो. मलाबी आवडतं."

अन् उठून ट्रंक भरायला लागला. मला त्याची मानगूट धरावीशी वाटली. आज सांगतो, तेवढी छाती मला जन्मात झाली नाही.

मावशी करंडा धरून खाटेवर बसली. तिचा थोरला भाऊ आराधी होता, सगळं गाव त्याच्या पाया पडायचं, असं सांगू लागली.

"देवीसाठी लुगडं नेसतो, असं तो गावाला सांगायचा," ती म्हणाली. "खरं काय ते मला एकटीला सांगितलं. मीच म्हनलं, गप बस. बसला गप, अन् तसाच भूकंपात गेला. तू गप बसू नको. खोलीबी सोडू नको."